प्रतिकारशक्ती वाढवू की सूज उतरवू?

वाचकाचं पत्र:

माझं वय ४३. दोन वर्षांपासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते, करपट ढेकर येतात, अर्ध्या जेवणातच पोट गच्च होतं. मागच्या वर्षी डॉक्टरांनी जंतूंसाठी सात दिवसांचं किट दिलं होतं. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन होतं एवढं आठवतं. तोंड कडू झालं आणि बरंही वाटू लागलं, म्हणून पाचव्या दिवशी ते बंद केलं. आता दुर्बिणीची तपासणी झाली. बायोप्सीच्या रिपोर्टवर लिहिलंय: 'क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, अँट्रम, मध्यम. एच. पायलोरी आढळले. ॲट्रोफी नाही, इंटेस्टायनल मेटाप्लेसिया नाही.' रॅबेप्राझोल, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल अशी चार औषधं १४ दिवसांसाठी दिली आहेत. मेडिकलवाला म्हणतो टेट्रासायक्लिन मिळत नाही, डॉक्सी घ्या, एकच आहे.

डॉक्टर म्हणाले, हा जंतू बहुधा लहानपणापासूनच पोटात असेल. मग इतकी वर्षं शरीराने त्याला मारलं का नाही? माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का? शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा आणि इम्युनिटीची पावडर घे म्हणतात. नणंद म्हणते, सूज आहे ना, मग सूज उतरवणारी गोळी घे. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक मी अधूनमधून घेतेच. यातलं काय करू? नवरा, दोन मुलं आणि सासूबाई यांचीही तपासणी करायची का? हे पुढे कॅन्सरवर जातं का?
– एक वाचक, बार्शी

ताई,

काकूंचा सल्ला आणि नणंदेचा सल्ला एकमेकांच्या उलट टोकाचे आहेत, पण तुमच्या बाबतीत दोन्ही लागू पडत नाहीत. जठरातली सूज ही जंतूविरुद्ध तुमच्याच शरीराने केलेली कारवाई आहे, आणि ती हाताबाहेर जाऊ नये म्हणून लगाम खेचून धरणारंही तुमचंच शरीर आहे. या ओढाताणीत जंतू मरत नाही आणि सूज पूर्ण उतरतही नाही. काढ्याने कारवाईचा जोर वाढवायचा किंवा गोळीने लगाम आणखी आवळायचा, यातून हा तिढा सुटत नाही. जंतू काढला की सूज आपोआप उतरते. डॉक्टरांनी दिलेला कोर्स त्यासाठीच आहे. तो नीट कसा घ्यायचा ते पुढे सविस्तर लिहितो. आधी 'शरीराने मारलं का नाही' हे पाहू, कारण ते कळलं की बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच मिळतात.

एच. पायलोरी, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, हा मळसूत्रासारखा पिळदार जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो जठरातून वेगळा करून वाढवला. जठराच्या सुजेचं आणि अल्सरचं नातं त्याच्याशी जोडल्याबद्दल दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी अल्सरचं खापर तिखट खाण्यावर आणि काळजी करण्यावर फुटायचं. आपल्याकडे अजूनही फुटतं.

जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू टिकत नाहीत. हा टिकतो, कारण त्याच्याजवळ युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते युरियापासून अमोनिया तयार करतं आणि अमोनिया जंतूच्या भोवतीचं आम्ल मारतो. तेवढ्या वेळात शेपटीसारख्या तंतूंच्या जोरावर तो जठराच्या अस्तरावरच्या बुळबुळीत थरात शिरतो. पोकळीत आम्लता १ ते २ पीएच इतकी तीव्र असली, तरी या थराच्या तळाशी, पेशींना लागून, ती जवळपास उदासीन असते. तिथे तो मुक्काम करतो. बहुतेक जंतू त्या थरात पोहत राहतात, थोडे पेशींना चिकटतात. ऊतींच्या आत सहसा शिरत नाहीत. पांढऱ्या पेशींना तिथवर पोचणं अवघड, आणि पोचल्या तरी त्या थरात त्यांचं फारसं चालत नाही. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण ओळखण्याची. जंतूच्या बाह्य आवरणातले काही रेणू आणि त्याच्या शेपटीतलं प्रथिन ओळखून शरीर एरवी धोक्याचा इशारा देतं. या जंतूने दोन्ही बदलून घेतली आहेत. त्याच्या आवरणातला भाग नेहमीच्या आतड्यातल्या जंतूंच्या मानाने फारच सौम्य प्रतिक्रिया जागवतो आणि शेपटीचं प्रथिन ते ओळखणाऱ्या आपल्या पेशींवरच्या रेणूला जवळजवळ दिसतच नाही. पहिली हाकाटी म्हणूनच दबकी होते.

तरीही सूज येतेच. जंतूच्या ज्या जातींमध्ये 'कॅगए' हे प्रथिन असतं, त्या सुईसारख्या रचनेने ते थेट आपल्या पेशीत टोचतात. त्याच वाटेने जंतूच्या भिंतीचे तुकडेही आत जातात. पेशीच्या आत 'नॉड-१' नावाचा पहारेकरी असतो. तो हे तुकडे ओळखतो, 'एनएफ-कप्पा-बी' हा मुख्य स्विच चालू होतो आणि पेशी 'इंटरल्युकिन-८' सोडते. या हाकेला रक्तातून न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धावून येतात. ते ऑक्सिजनचे तीव्र रेणू आणि विकरं सोडतात. जंतूकडे हे रेणू निकामी करणारी स्वतःची विकरं आहेत. तुमच्या अस्तराच्या पेशींकडे एवढी तयारी नसते. उभ्या पिकात रानडुक्कर शिरलं म्हणून ट्रॅक्टर घातला तर डुक्कर निसटतं आणि पीक आडवं होतं, तसं हे होतं. रिपोर्टमधला 'ॲक्टिव्ह' म्हणजे तिथे न्यूट्रोफिल दिसले. 'क्रॉनिक' म्हणजे लिंफोसाइट आणि प्लाझ्मा पेशी या दीर्घ लढाईतल्या प्रतिकारपेशीही साचल्या आहेत, म्हणजे प्रकरण जुनं आहे.

आता लगाम. तो एकच नाही, बरेच आहेत. पेशीच्या आत मुख्य स्विच चालू झाला की तोच स्विच स्वतःला बंद करणारी प्रथिनंही तयार करायला लावतो, त्यामुळे प्रत्येक इशारा काही वेळाने विझतो. न्यूट्रोफिल मुळात अल्पायुषी असतात. ते मेले की मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, आणि गिळतानाच सूज थांबवणारे रासायनिक संदेश सोडतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून येणारं कॉर्टिसॉल सगळ्या शरीरातल्या सुजेवर कायम हात ठेवून असतं, जठरातल्याही. प्रॉस्टाग्लँडिन हे रेणू अस्तराचा रक्तपुरवठा, बुळबुळीत थर आणि त्यातला बायकार्बोनेट टिकवून धरतात. डायक्लोफिनॅकचा प्रश्न इथेच येतो, त्याकडे पुढे वळू. शिवाय जठराच्या पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच नव्याने भरून निघतात, त्यामुळे रोजची झीज रोज डागडुजी होत राहते.

या सगळ्यांत मोठा लगाम मात्र नियामक टी-पेशींचा. टी-पेशी हा लिंफोसाइटचाच एक प्रकार. लढणाऱ्या टी-पेशींना आवर घालणं हेच त्यांचं काम. त्यासाठी त्या 'इंटरल्युकिन-१०' आणि 'टीजीएफ-बीटा' सोडतात. या लगामाची किंमत उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसली. ज्या उंदरांत इंटरल्युकिन-१० तयारच होत नाही, त्यांना याच वंशाचे जंतू दिले तर जंतूंची संख्या झपाट्याने घटते, पण जठराची सूज भयंकर होते. म्हणजे लगाम सैल सोडला तर शरीर जंतूला हुसकावूही शकतं, मात्र जठराची नासधूस करून. शरीर तसं करत नाही. आणि जंतूही गप्प बसत नाही: त्याची काही प्रथिनं प्रतिकारपेशींना मवाळ करतात, टी-पेशींची वाढ रोखतात आणि नियामक पेशींचं बळ वाढवतात. चिलीमधल्या मुलांच्या जठराच्या नमुन्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लागण झालेल्या मुलांत प्रौढांपेक्षा नियामक पेशींचा प्रतिसाद जास्त आणि सूज कमी आढळली. लहानपणी शिरलेला जंतू वर्षानुवर्षं फारसा त्रास न देता का राहतो, ते यातून उमगतं.

तेव्हा तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही. धडधाकट माणसांच्या जठरातही हा जंतू राहतो, भारतात तर निम्म्याहून जास्त प्रौढांच्या. इम्युनिटीच्या पावडरीने या संसर्गात काही साधेल असं मानायला आधार नाही, पैसे मात्र जातील. गुळवेलीबद्दल सावध राहा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची माहिती मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, १४ दिवस चार औषधं यकृतातून आणि मूत्रपिंडातून जात असताना त्यात पाचवी अनिश्चित गोष्ट घालू नका. भाजीतली हळद चालेल. हळदीने हा जंतू जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

नणंदेचा सल्ला जास्त धोक्याचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या गुडघ्यातली सूज कमी करतात ते प्रॉस्टाग्लँडिन बनवणारं विकर अडवून. जठरात तेच प्रॉस्टाग्लँडिन संरक्षणाचं काम करतात. म्हणजे या गोळीने जठरातली सूज उतरत नाही, उलट अस्तराचं पांघरूण काढून घेतलं जातं. एच. पायलोरी आणि ही गोळी, दोन्ही एकत्र असले की अल्सरचा आणि रक्तस्रावाचा धोका एकेकट्याहून खूप वाढतो. आजपासून ती बंद. गुडघ्याला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. बाहेरून लावायचं मलम चालेल. घरात कोणी हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत असेल, उदाहरणार्थ सासूबाई, तर हे वाचून त्यांची गोळी परस्पर थांबवू नका. त्याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

हे झालं सुजेचं. ती जठरात नेमकी कुठे आहे यालाही तितकंच महत्त्व असतं, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं.

तुमची सूज अँट्रममध्ये आहे, म्हणजे जठराच्या खालच्या, आतड्याकडच्या भागात. तिथे आम्लाला ब्रेक लावणारं सोमॅटोस्टॅटिन तयार करणाऱ्या पेशी असतात. सुजेमुळे त्या कमी पडल्या की आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि वरचा भाग जास्त आम्ल सोडतो. अशा माणसांना लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होण्याची शक्यता जास्त असते. सूज वरच्या मोठ्या भागात, म्हणजे बॉडीत, पसरली तर गोष्ट उलटी होते. सुजेत तयार होणारं 'इंटरल्युकिन-१-बीटा' हे आम्ल दाबणाऱ्या अतिशय प्रभावी रेणूंपैकी एक आहे. आम्ल कमी झालं की जंतू आणखी वर पसरतात, आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात (हीच ॲट्रोफी), मग काही जणांत जठराचं अस्तर आतड्यासारखं दिसू लागतं (हे मेटाप्लेसिया), त्यानंतर डिसप्लेसिया (पेशींची कर्करोगाआधीची बिघडलेली वाढ) आणि शेवटी कर्करोग. हा प्रवास दशकांचा असतो आणि बहुतेक जण मधल्या कुठल्यातरी टप्प्यावरच थांबतात. लागण झालेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, कर्करोग १ ते ३ टक्क्यांना. भारतात लागण एवढी सर्रास असूनही जठराच्या कर्करोगाचं प्रमाण एकंदरीत कमी आहे. मिझोराम हा त्याला ठळक अपवाद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कर्करोगकारक ठरवलं असलं, तरी तुमच्या रिपोर्टमध्ये ॲट्रोफी नाही आणि मेटाप्लेसियाही नाही. जंतू काढायला याहून चांगली वेळ नाही. जंतू गेल्यावर न्यूट्रोफिल पूर्ण हटतात, ॲट्रोफी काही अंशी भरून येऊ शकते, मेटाप्लेसिया मात्र सहसा मागे फिरत नाही.

एक पडताळून घ्या: बायोप्सीचे तुकडे फक्त अँट्रममधून घेतले की बॉडीतूनही? पूर्ण अंदाजासाठी पाच तुकडे घेण्याची पद्धत आहे: अँट्रममधून दोन, बॉडीतून दोन आणि मधल्या वळणावरून एक. रिपोर्टमध्ये बॉडीचा उल्लेखच नसेल तर 'ॲट्रोफी नाही' हे विधान निम्म्या जठराबद्दलच आहे. लगेच पुन्हा दुर्बीण घालायची गरज नाही, पण घरात कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

इथेच पॅन्टोप्राझोल-रॅबेप्राझोल या आम्ल दाबणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, वर्षानुवर्षं, स्वतःच्या मनाने, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. जंतू पोटात असताना नुसतं आम्ल दाबत राहिलं तर जळजळ थांबते, पण सूज अँट्रममधून बॉडीकडे सरकते, आणि बॉडीतली सूज कशी वागते ते वर आलंच आहे. ही गोळी कोर्सचा भाग म्हणून हवीच. जंतूचा बंदोबस्त न करता नुसती तीच घेत राहणं मात्र घातक.

आता कोर्स. मागच्या वर्षी किट पाचव्या दिवशी सोडल्यामुळे कच्चे जंतू मेले आणि चिवट उरले असण्याची दाट शक्यता आहे. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू उरले की ते औषध पुन्हा देऊन उपयोग होत नाही. म्हणून डॉक्टरांनी या वेळी ते टाळून बिस्मथचा चौपदरी कोर्स निवडला, आणि तो योग्य आहे. नेहमीची मात्रा अशी असते: रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम दोन वेळा, बिस्मथ सबसिट्रेट १२० मिलिग्रॅम चार वेळा किंवा २४० दोन वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चार वेळा, मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम तीन ते चार वेळा. चिठ्ठी यापेक्षा बरीच वेगळी दिसली तर स्वतः बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आपल्या भागात मेट्रोनिडाझोललाही बरेच जंतू सरावलेले आहेत. पूर्ण मात्रा आणि पूर्ण १४ दिवस घेतले तरच बिस्मथच्या जोडीने ती उणीव बरीचशी भरून निघते. सात दिवसांवर आणलेला हाच कोर्स म्हणूनच फसतो.

डॉक्सीसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन एकाच कुटुंबातली, पण या कामाला डॉक्सीचे निकाल कमी पडतात. मेडिकलवाल्याचं 'एकच आहे' इथे मानू नका. सोलापूर किंवा पुण्याच्या मोठ्या दुकानातून मागवता येतं का बघा. कुठेच मिळालं नाही तर कोर्स सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. ते टेट्रासायक्लिनऐवजी बिस्मथसोबत अमॉक्सिसिलिन बसवू शकतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते तेव्हाच सांगा. चारही औषधं १४ दिवसांची पुरेशी हातात आल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. सहाव्या दिवशी एक औषध संपून दोन दिवस खंड पडणं हे कोर्स वाया जाण्याचं नेहमीचं कारण.

रॅबेप्राझोल नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी. बाकीच्या गोळ्या चिठ्ठीत लिहिलेल्या वेळी. टेट्रासायक्लिन बसून किंवा उभं राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. रात्रीची शेवटची मात्रा अंथरुणावर पडता पडता घेणाऱ्यांना हे हमखास भोवतं. दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियम, लोह, झिंक आणि पांढरं अँटासिड टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतात, म्हणून आधी आणि नंतर दोन-दोन तास ते नको. औषध गरम पडतं म्हणून वरून पेलाभर ताक पिण्याची सवय असेल तर या १४ दिवसांत ती मोडा. ताक दोन मात्रांच्या मधल्या वेळात प्या. कडक उन्हात हातपाय आणि चेहरा झाका, या औषधावर कातडी लवकर भाजते. गरोदरपणाची शक्यता असेल तर हा कोर्स सुरूच करायचा नाही.

मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी कडू चव येते. मागच्या वेळी जे झालं ते क्लॅरिथ्रोमायसिननेही होतं, आणि या वेळीही होईल. धोक्याचं नाही. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते. लघवी गडद दिसू शकते. दारू, आणि दारू असलेलं खोकल्याचं औषध, कोर्सभर आणि त्यानंतर तीन दिवस पूर्ण बंद. बिस्मथने जीभ काळसर आणि शौच हिरवट-काळं होतं, पण बांधलेलं असतं. डांबरासारखं चिकट, चकाकणारं, उग्र वासाचं शौच, सोबत चक्कर किंवा घाम आला तर ते रक्त समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हातापायांना मुंग्या, अंगावर पुरळ किंवा दिवसातून पाच-सहा वेळा पातळ जुलाब सुरू झाले तर गोळ्या मनाने बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट घेऊ नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा कोर्स जास्त वेळा फसतो. मिश्री लावत असाल तर तीही सोडा. तंबाखू जठराला कोणत्याच वाटेने मानवत नाही. तिखट बंद करायची गरज नाही. ज्याने जळजळ वाढते तेवढं टाळा.

त्रास कमी झाला म्हणजे जंतू गेला असं धरू नका, आणि त्रास राहिला म्हणजे तो उरला असंही नाही. लक्षणं आणि सूज यांचा मेळ फारसा बसत नाही. मध्यम सूज असलेल्या कितीतरी माणसांना काहीच जाणवत नाही. म्हणून तपासणी. अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवडे जाऊ द्या, आणि रॅबेप्राझोलसारखी गोळी तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवा. या गोळीने जंतू दबतात आणि तपासणी खोटीच निगेटिव्ह येते. त्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं. पर्याय दोन: शौचातली प्रतिजन तपासणी (जंतूचे अंश शोधणारी) किंवा युरियाची श्वासतपासणी. श्वासतपासणीत चार ते सहा तास उपाशी राहून आधी एक फुंकर, मग युरिया घ्यायचा आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरी फुंकर. जंतू असेल तर त्याचं युरिएज युरिया फोडतं आणि खुणेचा कार्बन श्वासात येतो. बार्शीत ती सोय नसेल तर शौचाचा नमुना ताजा, स्वच्छ डबीत, त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. रक्तातली अँटिबॉडी तपासणी मात्र करू नका. जंतू गेल्यावरही अँटिबॉडी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट बघून नाहक दुसरा कोर्स घेणारे पुष्कळ भेटतात.

पुढे कधी पुन्हा बायोप्सी झाली आणि 'सौम्य क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, इनॲक्टिव्ह' असं आलं तर घाबरू नका. जंतू गेल्यावर न्यूट्रोफिल काही आठवड्यांत हटतात. लिंफोसाइट सावकाश पांगतात, त्याला वर्ष किंवा जास्तही लागतं. त्यासाठी वेगळी गोळी नाही आणि लागतही नाही. शरीराचे लगाम तेव्हाही तिथेच असतात. आता त्यांच्या विरुद्ध ओढणारं कोणी नसतं, एवढाच फरक.

घरच्यांचं. नवऱ्याची शौच प्रतिजन तपासणी करून घ्या. एका घरातल्या प्रौढांना ही लागण एकत्र असणं नेहमीचं, आणि सापडली तर उपचार करावेत. सासूबाई रोज ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या घेत असतील, पूर्वी अल्सर झाला असेल किंवा रक्त कमी असेल तर त्यांचीही करा. मुलांना काही त्रास नसेल तर तपासणी नको. लहान मुलांत सूज सौम्य असते, औषधांचे पर्याय कमी असतात (टेट्रासायक्लिन आठ वर्षांखाली देत नाहीत), आणि कारण नसताना शोधलेला जंतू घरात काळजीच वाढवतो. मूल वारंवार पोट धरून रडत असेल, वजन वाढत नसेल किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमचंही हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा बघून घ्या. या जंतूमुळे, विशेषतः सूज बॉडीत गेली तर, लोह आणि बी-१२ दोन्हींचं शोषण घटतं. लोह कमी निघालं तर त्याच्या गोळ्या कोर्स संपल्यावर सुरू करा, म्हणजे टेट्रासायक्लिनशी गाठ पडणार नाही.

वजन आपोआप उतरणं, गिळायला त्रास, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, यातलं काहीही झालं तर चार आठवड्यांची वाट न बघता दाखवा.

तपासणी पॉझिटिव्ह आलीच तर याच गोळ्या पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्या खेपेला आधी वापरलेली अँटिबायोटिक शक्यतो टाळून नवी जोडी निवडतात, आणि त्यासाठी आधी काय घेतलं ते नेमकं माहीत लागतं. मागच्या वर्षीच्या किटची चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट शोधा, या वेळच्या सगळ्या गोळ्यांची नावं, मात्रा आणि किती दिवस घेतल्या ते एका कागदावर लिहा, आणि तो कागद बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर त्याच फाइलमध्ये लावा.